मधले चौदा हजार

माझं सप्टेंबर 2025 चं पगारपत्रक समोर आहे. एकूण वेतन 70,996 रुपये. एकूण कपात 14,139 रुपये. निव्वळ देय 56,857 रुपये. गेलं वर्षभर हे तीन आकडे मला छळत होते. रक्तदाब, सलाईनचा वेग, बाळाचं वजन, मलेरियाच्या गोळ्यांची मात्रा हे सगळं वयानुसार नि वजनानुसार तोंडपाठ असलेल्या बाईला स्वतःच्या पगाराचं गणित मात्र सुटत नव्हतं. आता बरंचसं सुटलंय. माझ्यासारखी कुणी नवी मुलगी नियुक्तीपत्र घेऊन आलापल्ली ओलांडून सिरोंच्याकडे येत असेल, तर तिच्यासाठी मी हे लिहितेय.

मी अधिपरिचारिका आहे. माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, नोकरी सिरोंच्यात. सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आणि तेलंगणा पुलापलीकडे. प्राणहिता इथेच गोदावरीला मिळते. वॉर्डात निम्म्याहून जास्त बोलणं तेलुगूत चालतं. रुग्णाच्या पोटात कुठे दुखतंय हे तेलुगूत विचारायला मी महिनाभरात शिकले. पगारपत्रकाला त्याहून खूप जास्त वेळ लागला.

2024 च्या ऑक्टोबरात रुजू झाले तेव्हा ऑफिसातल्या बाबूंनी कागदांची यादी दिली. वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, बँकेचा रद्द केलेला चेक, आधार, पॅन, नामनिर्देशनाचे फॉर्म. कशाला काय लागतं ते न विचारता मी सह्या करत गेले. 'सेवार्थ' या पगाराच्या संगणक प्रणालीवर नाव चढल्याशिवाय बिल निघत नाही आणि 'प्राण' हा निवृत्ती खात्याचा क्रमांक आल्याशिवाय एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची वर्गणी, कापता येत नाही, एवढंच कानावर पडलं. पहिला पगार उशिरा, दोन महिन्यांचा एकत्र आला आणि अपेक्षेपेक्षा बराच जास्त वाटला. आईला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कागदावरचं राहू दे, हातात किती आले ते सांग." मी आकडा सांगितला. तिने तो मनाशी पक्का धरला. पुढे प्राण क्रमांक आला, दर महिन्याची कपात सुरू झाली, मागच्या महिन्यांचे राहिलेले हप्तेही कापले गेले आणि हातात येणारा आकडा खाली घसरला. "सरकारनं पगार कमी केला का ग?" आई विचारायची, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. नोकरी तीच, रात्रपाळ्या त्याच, मग पैसे कमी का, हे स्वतःच्या आईला समजावता येऊ नये याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी दुपारच्या एका निवांत वेळी मोठ्या सिस्टरांनी त्यांचं आणि माझं पत्रक टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. त्या निवृत्तीला आल्या आहेत. म्हणाल्या, "आधी वरची बाजू बघायची. पैसे कसे येतात ते कळलं की कसे जातात ते आपोआप कळतं."

वरच्या बाजूचा पाया मूळ वेतन. आकडे मी इथे सप्टेंबर 2025 च्या पत्रकातलेच देतेय. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात अधिपरिचारिकेचा स्तर एस-13 आहे, 35,400 ते 1,12,400. मी 35,400 वर लागले. ऑक्टोबरात रुजू झाल्यामुळे पहिली वेतनवाढ 1 जुलै 2025 ला मिळाली आणि मूळ वेतन 36,500 झालं. बाकी बहुतेक सगळं याच आकड्यावर उभं राहतं. महागाई भत्ता 55 टक्के म्हणजे 20,075. घरभाडे भत्ता आमच्यासारख्या गावांना सगळ्यात खालच्या दराने, 10 टक्के, म्हणजे 3,650. मुंबईला हाच दर 30 टक्के आहे. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहिलं तर हे 3,650 बंद होतात. म्हणून क्वार्टर घेण्याआधी भिंतींची ओल आणि पाण्याची वेळ पाहायची तसा हा आकडाही डोळ्यासमोर ठेवायचा. वाहतूक भत्ता 1,350. तो टक्क्यात नसतो, ठरीव रक्कम असते.

मग नक्षलग्रस्त भागाचा प्रोत्साहन भत्ता. मूळ वेतनाच्या 15 टक्के. मी लगेच मोबाइलवर गुणाकार केला, 5,475. पत्रकावर मात्र 1,500 होते. मला वाटलं चूक झाली. बाबूंनी समजावलं, "मॅडम, पंधरा टक्के खरं, पण जास्तीत जास्त पंधराशे." आता मूळ वेतन 10,000 असलं तरी 15 टक्क्यांत ही मर्यादा गाठली जाते. सातव्या आयोगात सगळ्यात खालचं मूळ वेतनच 15,000 आहे. म्हणजे आज या भागात काम करणाऱ्या शिपायापासून डॉक्टरपर्यंत कुणालाही खरे 15 टक्के मिळत नाहीत, सगळ्यांना सरसकट 1,500. पावसाळ्यात नाले भरले की झिंगानूरकडची गावं तुटतात. त्या गावांत जाऊन गरोदर बाईची तपासणी करणाऱ्या आरोग्य सेविकेला कागदावर टक्केवारी दाखवायची आणि हातात जुनीच रक्कम द्यायची, हे मला पटत नाही. मर्यादा तरी वाढवा, नाहीतर टक्केवारी तरी लिहू नका.

इथवरची बेरीज 63,075 होते.  पण पत्रकावर एकूण वेतन 70,996 होतं. वरचे 7,921 कुठून आले?

याच जागी मी सगळ्यात जास्त अडले, आणि माझ्यासोबत लागलेल्या बहुतेक जणी अडतात. पत्रकाच्या डाव्या बाजूला एनपीएसचा एक भत्ता दिसतो, 7,921 रुपये. उजव्या बाजूला कपातीत तीच रक्कम पुन्हा दिसते आणि शिवाय वेगळे 5,658 रुपयेही एनपीएसच्याच नावाने असतात. मी दोन्ही कपाती जोडल्या. 13,579. पगाराचा जवळपास पाचवा हिस्सा एनपीएसलाच जातोय असं समजून त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोठ्या सिस्टरांनी पेन्सिलीने 7,921 च्या दोन्ही आकड्यांवर काट मारली. "हे पैसे तुझ्या पगारातले नाहीतच. सरकार तुझ्या नावाने भरतं. हिशेबात दिसावे म्हणून इकडून घालतात, तिकडून काढतात. तुझे फक्त हे," आणि 5,658 भोवती गोल केला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 56,575. त्याचे 10 टक्के मी भरते, 14 टक्के सरकार भरतं. आधी सरकारचा वाटाही 10 टक्केच होता, 1 एप्रिल 2019 पासून तो 14 झाला. घरभाडे, वाहतूक, नक्षल भत्ता यांवर काहीच कापलं जात नाही.

म्हणजे 70,996 हा माझा पगार नव्हताच. माझा पगार 63,075. बँकेत कर्जाच्या अर्जावर किंवा लग्नाच्या बोलणीत कुणी पत्रकावरचा वरचा आकडा धरला तर तो साडेसात-आठ हजारांनी फुगलेला असतो. आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर दर महिन्याला माझ्या नावावर 13,579 रुपये साठतात, त्यातले माझे 5,658 च. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र जागून काढावी लागली नसती.

मोठ्या सिस्टरांच्या पत्रकावर एनपीएस नावाची ओळच नव्हती. त्यांच्याकडे भविष्य निर्वाह निधी आहे, सगळेजण त्याला जीपीएफ म्हणतात. 1 नोव्हेंबर 2005 ही ती रेघ. त्याआधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आणि जीपीएफ, त्या दिवसापासून लागलेल्यांना अंशदानाची नवी योजना, म्हणजे आताची एनपीएस. जीपीएफमध्ये किती टाकायचं ते किमान रकमेच्या वर त्या स्वतः ठरवतात. व्याज 7.1 टक्के, आणि मुलीच्या लग्नात त्यांनी त्यातून पैसे उचललेही. माझ्या प्राण खात्यातून असं सहज काही काढता येत नाही. काही ठरावीक कारणांसाठीच, तेही स्वतःच्या वर्गणीच्या 25 टक्क्यांपर्यंत. 2023 च्या मार्चमध्ये 14 तारखेपासून आठवडाभर राज्यातले कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले होते, तेव्हा मी नर्सिंगला शिकत होते आणि आम्हाला तो मोठ्यांचा विषय वाटायचा. आता एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, एकाच गणवेशात काम करणाऱ्या दोघींची पत्रकं शेजारी ठेवली की तो संप कशासाठी होता ते समजतं. नंतर सरकारने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना आणली, शेवटच्या वेतनाच्या निम्म्या पेन्शनची. विकल्प देण्याआधी तिच्या अटी मला नीट वाचायच्या आहेत. कुणी म्हणालं म्हणून सही करायची नाही, एवढं ठरवलंय.

उरलेल्या कपाती लहान आहेत, पण मला त्या मोठ्या रकमांपेक्षा जास्त आवडल्या.

व्यवसाय कर 200 रुपये. महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. राज्यघटनेच्या 276 व्या कलमात या कराची वरची मर्यादाच 2,500 आहे, म्हणून अकरा दोनशे आणि एक तीनशे. फेब्रुवारीत शंभर रुपये का जास्त गेले, यावरून आमच्या ड्युटी रूममध्ये दरवर्षी चर्चा होते म्हणे. त्याच महिन्यात समूह अपघात विम्याचा वर्षाचा हप्ताही कापतात, त्यामुळे फेब्रुवारीचा पगार नेहमी थोडा लंगडतो. पुलापलीकडे कालेश्वरमच्या बाजूला नोकरी करणाऱ्या परिचारिकेलाही महिन्याला 200 च द्यावे लागतात, पण तेलंगणात फेब्रुवारीचे जादा शंभर नाहीत.

हा कर महाराष्ट्रात 1975 साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. बाबूंनी हे सांगितल्यापासून माझ्या मनातला त्याचा राग गेला. आमच्याकडे बाळंतपणाला येणाऱ्या बायकांचे नवरे उन्हाळ्यात रोहयोच्या कामावर असतात, तळ्याचं खोदकाम नाहीतर रस्त्याची माती. माझ्या 200 रुपयांतला पैसा थेट त्यांच्याच हातात पडतो असं मी म्हणणार नाही. पण ज्या कामासाठी हा कर लावला, ते काम मला माझ्या वॉर्डाच्या दारात रोज दिसतं. विम्याचा भाग सोडला तर पगारातली परत न येणारी म्हणावी अशी ही एकच कपात, आणि ती मला जड वाटत नाही.

गट विमा 360 रुपये. राज्य शासकीय कर्मचारी गट विमा योजना 1 मे 1982 ला सुरू झाली, म्हणजे आमच्या गडचिरोली जिल्ह्यापेक्षा जेमतेम चार महिन्यांनी मोठी. जिल्हा त्याच वर्षी 26 ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा झाला. गट क साठी हप्ता 360 आणि विमा 3 लाख 60 हजारांचा. या हप्त्याचे दोन भाग असतात. एक विम्याचा, तो खर्ची पडतो. दुसरा बचतीचा, तो व्याजासह निवृत्तीच्या वेळी परत मिळतो. नव्याने लागलेल्याला पुढच्या 1 जानेवारीपर्यंत फक्त विम्याचा भाग भरावा लागतो. म्हणून माझ्या 2024 च्या पत्रकांवर ही रक्कम फार लहान होती आणि जानेवारी 2025 ला ती एकदम 360 झाली. मी उगाच तक्रार घेऊन गेले नाही, आधी विचारलं, ते बरं झालं.

आयकराची ओळ माझ्या पत्रकावर रिकामी आहे. 2025-26 मध्ये नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, शिवाय पगारदारांना 75,000 ची प्रमाणित वजावट आहे. माझं वर्षाचं उत्पन्न त्याच्या खूप आत. वैद्यकीय अधिकाऱ्यांचं मूळ वेतन 56,100 पासून सुरू होतं. त्यांच्यातल्या जुन्यांची मात्र दिवाळीनंतर कराची मांडणी सुरू होते.

ऑगस्टच्या पगारात पुन्हा गोंधळ झाला, पण या वेळी मीच सोडवला. महागाई भत्ता 53 वरून 55 टक्के झाला, तो 1 जानेवारी 2025 पासून लागू, आणि सात महिन्यांची थकबाकी ऑगस्टच्या वेतनासोबत. जानेवारी ते जून मूळ वेतन 35,400, त्याचे 2 टक्के 708, सहा महिन्यांचे 4,248. जुलैत मूळ वेतन 36,500, त्याचे 730. एकूण 4,978. त्यावरही 10 टक्के एनपीएस कापला जातो, 498 रुपये. वहीत लिहिलेला आकडा आणि पत्रकावरचा आकडा जुळला तेव्हा मी ते पान मोठ्या सिस्टरांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ तपासली, मग म्हणाल्या, "आता एक काम अजून. कापले ते पोचले का, ते बघ."

हे मला कुणीच शिकवलं नव्हतं आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पत्रकावर कपात दिसली म्हणजे पैसे प्राण खात्यात जमा झालेच असं नाही. बिल कोषागारात जातं, तिथे पास होतं, मग वर्गणीची यादी वर चढवली जाते, तेव्हा खात्यावर रक्कम दिसते. माझ्या ओळखीतल्या एका परिचारिकेच्या खात्यावर मधल्या काही महिन्यांच्या वर्गण्या दिसतच नव्हत्या. बदली झाली होती, जुनं ऑफिस नव्याकडे बोट दाखवत होतं आणि नवं जुन्याकडे. एनपीएसचे पैसे बाजारात गुंतवले जातात; तिचे पगारातून गेलेले, पण गुंतवले गेलेच नाहीत. त्या काळातली वाढ तिची बुडाली. आता मी दर महिन्याला मोबाइलवर खातं उघडते आणि 13,579 आले का ते बघते. वारसाचं नाव बरोबर आहे का, तेही एकदा पाहून घेतलं.

माझ्यासोबत राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी परिचारिका काम करते. पाळी तीच, रुग्ण तेच, इंजेक्शनं तीच. तिच्या पदाच्या जाहिरातीत मानधन 20,000 होतं. मानधन म्हणतात, वेतन नाही, म्हणून महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, नक्षल भत्ता नाही. व्यवसाय कर तिला लागत नाही, कारण महाराष्ट्रात महिन्याला 25,000 पर्यंत कमावणाऱ्या स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून तो माफ आहे. तेवढ्याच मानधनावरच्या तिच्या पुरुष सहकाऱ्याला मात्र 200 द्यावे लागतात. तिच्याकडे दाखवायला दोनच ओळी आहेत. कपात कमी म्हणून ती सुखी आहे असं कुणाला वाटू नये. कापायला काही असावं यासाठी आधी द्यायला काही असावं लागतं. आणि गावात आशाताईला तर पगारपत्रकच नाही. तिचं काम बरंचसं मोबदल्यावर चालतं, प्रसूतीचा इतका, लसीकरणाचा इतका. ती ज्या बाईला रात्री ट्रॅक्टरवरून आमच्याकडे आणते, तिच्या केसपेपरवर आम्ही तिघींनी मिळून काम केलेलं असतं. माझ्या पत्रकातली प्रत्येक ओळ समजली तसं मला या दोघींकडे नसलेली प्रत्येक ओळही दिसायला लागली, आणि ती दिसल्यावर गप्प बसवत नाही. मी संघटनेच्या बैठकीत हे बोलले, पुढेही बोलणार आहे.

आईला आता मी दर महिन्याला तीन आकडे सांगते: हातात आलेले, माझ्या नावावर साठलेले आणि सरकारने भरलेले. ती ते कॅलेंडरवर लिहून ठेवते.

माझा एक अर्ज अजून ऑफिसात आहे, एकस्तरचा. 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयानुसार आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्याला त्या भागात असेपर्यंत वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते. बाहेर बदली झाली की ती थांबते आणि थांबवायला उशीर झाला तर जास्तीचे पैसे वसूल होतात, म्हणून बदलीच्या वेळी स्वतः आठवण करून द्यायची असं बाबूंनी बजावलंय. आदेश निघाला की माझं मूळ वेतन बदलेल. त्यासोबत महागाई भत्ता बदलेल, घरभाडं बदलेल, माझी 10 टक्के आणि सरकारची 14 टक्के वर्गणी बदलेल. वहीत मी त्या महिन्यासाठी कोरं पान ठेवलंय. त्यावर आधीच लिहिता येईल असा एकच आकडा आहे, नक्षल भत्त्याचा, कारण तो तेव्हाही 1,500 च असेल.